म्युनिकमधलं ते जुनं जर्मन हॉटेल: पाहुण्यांना आता तिथे न्यायचं का?

मृणाल: काल संध्याकाळी आई-बाबांना आणि सासूबाईंना घेऊन त्या जुन्या वीर्ट्सहाउसमध्ये, म्हणजे पारंपरिक खानावळीत, गेलो होतो. लाकडी छताचं, आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहुणे नेलेत ते. फार वाईट वाटलं म्हणून लिहितेय. टेबल आधी बुक केलं होतं, तरी किचनच्या दाराशी बसवलं. जेवण यायला तासभर. अमितचा श्वाइन्सब्राटन, म्हणजे भाजलेलं डुकराचं मांस, कोमट, वरची कुरकुरीत असायला हवी ती साल चामड्यासारखी. क्नोडल, म्हणजे ते उकडलेले गोळे, रबरी. सासूबाई पूर्ण शाकाहारी, म्हणून दोनदा विचारून केझेश्पेट्झले (चीज घातलेल्या शेवया) मागवलं, तर त्यात श्पेकचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, तुकडे! वेटरला दाखवलं तर म्हणाला, बाजूला काढून ठेवा. त्यानंतर सासूबाईंनी घासही घेतला नाही.

समीर: बाप रे. बिलात तरी धरलं नाही ना ते?

मृणाल: धरलं. पूर्ण.

वैशाली ताई: मृणाल, हे अजिबात चालवून घ्यायचं नाही गं. काकूंच्या पोटात काही गेलं का?

मृणाल: एक घास गेला असावा ताई. रात्रभर त्या गप्प होत्या. मला त्यांच्यासमोर उभं राहवेना.

ॲडमिन: मंडळी, हॉटेलचं नाव ग्रुपवर नको. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय.

रोहन: आमच्याकडेही तेच झालं, दिवाळीनंतर गेलो होतो तेव्हा. झाउअरब्राटन मागवला. एरवी तो मांसाचा तुकडा व्हिनेगरमध्ये कितीतरी दिवस मुरवतात, काट्याने तुटतो. इथे सुरी लागली. वरचा रस्सा गोड, घट्ट, पाकिटातला वाटावा असा. शेवटी कार्डाचं मशीन पुढे करून वेटर उभाच राहिला, टीप किती ते निवडा म्हणून.

समीर: टीप द्यावीच लागते का पण? मला अजून कळलेलं नाही.

रोहन: नाही. ट्रिंकगेल्ड, म्हणजे टीप, पूर्णपणे ऐच्छिक आहे. सेवा चांगली असेल तर लोक पाच ते दहा टक्के देतात. टीप धरून एकूण किती घ्यायचे तो आकडा आपणच सांगायचा. न दिल्यास कोणी अडवू शकत नाही.

शिरीष काका: वाचून खरंच दुःख झालं. मी म्युनिकला आलो तेव्हा याच हॉटेलात ऑफिसच्या लोकांनी मला पहिल्यांदा जेवायला नेलं होतं. मालक स्वतः टेबलाटेबलापाशी येऊन विचारायचे. कोपऱ्यातला श्टामटिश, म्हणजे नेहमीच्या गिऱ्हाइकांचं राखीव टेबल, रोजच्या म्हाताऱ्यांचा, तिथे दुसरं कोणी बसायचं नाही. क्नोडल आतून भुसभुशीत, रस्सा शोषून घेणारा. मी मांसाहार करत नव्हतो त्या काळातही मशरूमच्या क्रीम रश्श्याबरोबर झेमलक्नोडल (पावाचा क्नोडल) मिळायचा आणि तो आठवडाभर आठवायचा. पण आता तिथे चालवणारे बदललेत, हे लक्षात घ्या. इथली कितीतरी जुनी हॉटेलं ब्रुअरीच्या मालकीची असतात आणि चालवायला भाडेपट्ट्याने देतात. म्युनिकच्या त्या प्रसिद्ध बिअर हॉलचं, होफब्रॉयहाउसचंच बघा, १५८९ सालचं, आजही बव्हेरिया राज्याच्या मालकीचं, आणि रोजचा कारभार भाडेकरू चालवतात. भाडेकरू कसा मिळतो त्यावर सगळं. पाटी, लाकूडकाम, भिंतीवरची शिंगं तीच राहतात, आतला स्वयंपाकी मात्र गेलेला असतो. दारावरचं स्थापनेचं साल बघून आत जाणाऱ्याला हे कसं कळणार?

गौरी: काका, बरोबर. मी हॉटेलच्याच किचनमध्ये काम करते, म्हणून थोडं सांगते. माणसंच मिळत नाहीत. कोविडमध्ये जे वेटर आणि आचारी सोडून गेले ते बरेचसे परतलेच नाहीत. बटाट्याच्या क्नोडलचं तयार पीठ बादलीत मिळतं, रस्सा पावडरीतून होतो, एका माणसात काम भागतं. खर्चही वाढलाय: किमान वेतन २०१५ साली ताशी साडेआठ युरो होतं, २०२६ पासून १३.९० आहे. हे सगळं मला मान्य. पण शाकाहारी सांगून श्पेक घालणं याचा पैशाशी काही संबंध नाही. तो निव्वळ निष्काळजीपणा आहे, आणि "बाजूला काढा" हे तर अपमानास्पद.

वैशाली ताई: अगदी. कमी पगार म्हणून हे माफ नाही होत.

रोहन: आणि कराचं काय? कोविडमध्ये, जुलै २०२० पासून, हॉटेलातल्या जेवणावरचा व्हॅट १९ वरून ७ टक्के केला होता. २०२४ च्या जानेवारीत परत १९ झाला, तेव्हा या हॉटेलाने लगेच दर वाढवून मेन्यू नवा छापला. आता २०२६ च्या जानेवारीपासून पुन्हा ७ टक्के आहे. मेन्यूतले दर मात्र तसेच.

गौरी: बहुतेकांनी ते पैसे पगारात आणि भाड्यात घातले असतील. ते एकवेळ समजू शकतं. पण मग थाळीत तरी ते दिसायला हवं ना.

अमित: मला एक विचारायचंय. आपण तिथेच काय करायला हवं होतं? मी भांडलो नाही, आई-बाबा समोर होते.

गौरी: भांडायचं नाही, पण तिथेच आणि लगेच सांगायचं. पदार्थात दोष असेल तर त्यांना बदलून द्यायची किंवा नीट करून द्यायची संधी द्यायची असते. बदलून दिलं नाही तर बिलातून पैसे कमी करून मागण्याचा तुमचा हक्क आहे. अर्धंअधिक खाऊन मग सांगितलं तर हा हक्क राहत नाही. वेटर ऐकत नसेल तर "शेफला बोलवा" म्हणायचं. आणि जेवणानंतर "सगळं ठीक होतं ना?" असं विचारतात, तेव्हा आपली माणसं संकोचाने "हो हो, छान" म्हणतात. तसं म्हणू नका हो कोणी. किचनमध्ये आम्हाला तेवढाच निरोप येतो.

अमित: धन्यवाद गौरी. हे माहीत नव्हतं.

वैशाली ताई: शाकाहाऱ्यांसाठी माझा अनुभव लिहिते, सगळ्यांचे आई-बाबा आता उन्हाळ्यात येतील. मांसाचा तुकडा नाही म्हणजे शाकाहारी, असं इथे पुष्कळ ठिकाणी धरतात. ब्लाउक्राउट म्हणजे तो जांभळा कोबी, तो अनेकदा डुकराच्या किंवा बदकाच्या चरबीत परततात. बव्हेरियन बटाट्याच्या सॅलडमध्ये मेयोनीज नसतं, पण मांसाचं गरम सूप ओततात. क्नोडलच्या पिठात श्पेक असू शकतो. मशरूमचा रस्साही कधी मांसाच्या सूपवर केलेला असतो. म्हणून "शाकाहारी आहे का" एवढंच विचारून थांबू नका. श्पेक नाही, श्माल्ट्स (चरबी) नाही, मांसाचं सूप नाही, असं एकेक नाव घेऊन विचारा. श्निट्झेल खाणाऱ्या आई-बाबांसाठीही: वीनर श्निट्झेल म्हणजे वासराचं मांस, "वीनर आर्ट" लिहिलेलं असेल तर बहुधा डुकराचं. दोन्ही चालत नसेल तर टर्कीचं मागा, पूटन म्हणून.

समीर: हे पिन करा प्लीज.

ॲडमिन: केलं.

शिरीष काका: मेन्यूखालची ती बारीक अक्षरंही वाचत जा. ॲलर्जीच्या चौदा घटकांची माहिती द्यावीच लागते, २०१४ च्या डिसेंबरपासून सगळ्या युरोपात. शिवाय प्रिझर्व्हेटिव्ह, चव वाढवणारे पदार्थ असतील तर तेही आकड्यांनी दाखवावं लागतं. क्नोडल आणि रश्श्याच्या नावापुढे आकड्यांची रांग असेल तर समजायचं, आत काय चाललंय ते.

गौरी: आणि वेळ. श्वाइन्सब्राटन रविवारी दुपारी खावा. सकाळी भट्टीत घातलेला असतो, साल तेव्हाच फुललेली. तोच रात्री गरम करून वाढला की मृणालला मिळाला तसा होतो. कायझरश्मार्न (तुकडे केलेला गोड पॅनकेक) मागवला आणि पाच मिनिटांत आला, तर तो ताजा नाहीच. ताज्याला वीस मिनिटं लागतात, चांगली हॉटेलं तसं मेन्यूत लिहूनही ठेवतात. मेन्यू चार पानांचा असेल तर मी बाहेरच पडते.

मृणाल: हे सगळं पटतंय. पण आई-बाबा अजून दोन आठवडे आहेत आणि सासूबाई म्हणतात, आता बाहेर जेवायचंच नाही. त्यांना म्युनिकची आठवण म्हणून हीच राहावी असं मला वाटत नाही.

शिरीष काका: मग बिअरगार्टनला, म्हणजे झाडाखालच्या उघड्या बिअरच्या बागेत, चला सगळे. बव्हेरियाच्या राजाने १८१२ साली ब्रुअरीवाल्यांना आपल्या बागेत बिअर विकायची परवानगी दिली, पण पावाखेरीज खायचं काही विकायचं नाही अशी अट घातली, म्हणजे खानावळवाल्यांचा धंदा बुडू नये. लोक घरचा डबा घेऊन यायला लागले. आजही खऱ्या बिअरगार्टनमध्ये ज्या टेबलांवर चादर नसते तिथे घरचं खाणं चालतं. पेय फक्त त्यांच्याकडून घ्यायचं. चेस्टनटची सावली, समोर ओळखीची माणसं, आणि सासूबाईंच्या पानात त्यांना माहीत असलेलं अन्न.

वैशाली ताई: काका, किती छान सुचवलंत! मृणाल, काकूंना सांग, चरबीबिरबीचा प्रश्नच नाही. मी थालीपीठ आणि लोणी आणते.

मृणाल: ताई, काका, खरंच आभार. त्यांना आत्ताच वाचून दाखवलं. विचारतायत, कोथिंबीर वडी चालेल का तिथे.

रोहन: चालेल म्हणजे काय, लागेल! शनिवारी दुपारी? चादर नसलेली टेबलं लवकर भरतात, मी अकराला जाऊन धरतो.

गौरी: मला शनिवारी दुपारी ड्यूटी आहे. रविवारी करता येईल का?

ॲडमिन: रविवार ठरवू. किती जण ते आज रात्रीपर्यंत इथे लिहा. आणि अमित, त्या हॉटेलला सविस्तर ईमेल लिही: बुकिंगची वेळ, पदार्थ, वेटरचं उत्तर, बिलाचा फोटो. गौरी आणि मी जर्मन तपासून देतो.

अमित: आज रात्रीच लिहितो. आम्ही रविवारी पाच जण.