गेटिसला 'हौशी फॅन' म्हणून मोडीत काढणाऱ्यांना उत्तर

रात्रपाळी
काल नेपच्यून यांनी 'डॉक्टर हू'च्या, म्हणजे काळात फिरणाऱ्या डॉक्टरच्या बीबीसीवरच्या विज्ञानकथा मालिकेच्या, वाया गेलेल्या लेखकांची यादी टाकली आणि ब्रिटिश नट-लेखक मार्क गेटिसला पहिल्या नंबरवर बसवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नट म्हणून माणूस बरा, लेखक म्हणून हौशी, नऊ भाग लिहिले, त्यातला लक्षात राहील असा एकही नाही, आणि ते नऊ मिळाले तेही ओळखीपाळखीवर. वाचून डोक्यात तिडीक गेली. प्रतिसादात मावणारं नाही म्हणून वेगळा धागा काढतेय.

ओळखीचं आधी बघू. मालिका १९८९ मध्ये बंद पडली. गेटिसची पहिली 'डॉक्टर हू' कादंबरी 'नाइटशेड' १९९२ ची. म्हणजे पडद्यावर मालिकेचं नावनिशाण नाही आणि पंचविशीतला एक पोरगा तिच्यावर कादंबरी लिहितोय. त्या वेळी कुणाची ओळख लावून त्याच्या पदरात काय पडणार होतं? मग पेंबर्टन, शीअरस्मिथ, डायसन यांच्यासोबत 'द लीग ऑफ जंटलमेन' ही विनोदी मंडळी उभी केली, १९९७ ला एडिंबरात विनोदासाठीचं पेरिएर पारितोषिक मिळवलं, १९९९ ला ती टीव्हीवर आली. २००५ मध्ये रसेल टी. डेव्हिसनं मालिका परत आणली, तेव्हा पहिल्या सीझनच्या मूठभर लेखकांत गेटिस होता. तेरा वर्षं त्यानं ते काम फुकटच्या प्रेमानं केलं होतं. याला वशिला म्हणायचं असेल तर म्हणा.

आता लेखन. 'द अनक्वाएट डेड' परत लावा. १८६९ सालचं कार्डिफ, नाताळ. डिकन्स रंगमंचावर स्वतःची 'अ ख्रिसमस कॅरल' ही गोष्ट वाचून दाखवतोय. मेलेल्या मार्लेचा चेहरा दाराच्या ठोकणीवर दिसतो तिथवर आलाय, आणि समोर प्रेक्षकांत बसलेल्या एका म्हातारीचा चेहरा निळा उजळायला लागतो. वाचणाऱ्याचं वाक्य तोंडातच राहतं. डिकन्स कोण? सायमन कॅलो, ज्यानं रंगमंचावर डिकन्स कितीतरी आधीपासून केलेला. कुठे थांबलं की थिएटर चिडीचूप होतं, हे अंगवळणी पडलेल्या गेटिससारख्या नटालाच असा प्रसंग लिहायला सुचतो. शेवटी डॉक्टर त्याला सांगतो की तुझी पुस्तकं कायम टिकणार. कागदावर ते वाक्य अगदी साधं आहे. कॅलोचा चेहरा बघा आणि मग बोला.

गेटिस नटांसाठी लिहितो. ही त्याची ताकद आहे, आणि कल्पनांच्या मोजपट्टीनं त्याला मोजणारे नेमकी तीच सोडून बाकी सगळं मोजतात.

नेपच्यून
असहमत. विज्ञानकथेत कल्पनेची मोजपट्टी नाही लावायची तर काय कॅलोच्या भुवया मोजायच्या?

१८६९ चं कार्डिफ, १९५३ चा राज्याभिषेक, १९४१ च्या सुमाराचं लंडन, १८९३ चं यॉर्कशर, रॉबिन हूड. हे विज्ञानकथा लिहिणं नाही, जुन्या पेटाऱ्यातले कपडे घालून बघणं आहे. 'नाइट टेरर्स'मध्ये कपाटाला घाबरणारा मुलगा, लाकडी बाहुल्या, आणि उपाय काय, तर बापानं जवळ घेणं. याच मालिकेचा दुसरा लेखक मोफॅट, त्याच्या 'ब्लिंक'मध्ये एकच कल्पना आहे, की पापणी लवली तर संपलात. तसं एक वाक्य गेटिसच्या नऊ भागांतून काढून दाखवा. आणि 'व्हिक्टरी ऑफ द डालेक्स'मधले ते रंगीबेरंगी डालेक, डॉक्टरचे चिलखती जुने शत्रू? लाल, निळे, पिवळे, केशरी, पांढरे. खेळण्यांच्या दुकानात शोभतील असे.

सातारकर
रंगांवरच भांडत बसा. त्याच भागात चर्चिल आहे, तो कुणालाच खुपत नाही का?

सिगार ओढणारा, गमत्या, डॉक्टरचा जुना दोस्त. फोन उचलून थेट टार्डिसला, म्हणजे डॉक्टरच्या कालयानाला लावतो. डॉक्टर जगभरच्या जुलमी लोकांना धडा शिकवत फिरतो आणि इथे येऊन याला मिठी मारतो. १९४३ मध्ये बंगालमध्ये तीस लाखांच्या आसपास माणसं मेली. धान्यासाठी जहाजं मागितली तर लंडनहून नकारघंटा. हा भाग १७ एप्रिल २०१० ला दाखवला, १९५० मध्ये नव्हे. गेटिसला हे माहीत नसेल असं मला कुणी सांगू नये. त्याला ते महत्त्वाचं वाटलं नाही, एवढंच. लेखक म्हणून तो माझ्यासाठी तिथेच संपला.

कराडकर
झालं सुरू. पंचेचाळीस मिनिटांची करमणूक आहे, इतिहासाची तोंडी परीक्षा नाही.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत, टायबरच्या खोऱ्यात. ज्या मोहिमेत यशवंत घाडगेंना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तीच. पदकं पेटीत होती, तारखेला पेन्शन यायची, आणि चर्चिलबद्दल त्यांच्या तोंडून वावगा शब्द मी ऐकला नाही. ब्रह्मदेश जपान्यांनी घेतला, तिथला तांदूळ बंद झाला, इथल्या व्यापाऱ्यांनी साठे दडवले, प्रांतिक सरकार झोपलं. सगळं खापर एकाच माणसावर फोडणं सोपं असतं. हिटलर जिंकला असता तर आपण इथे देवनागरीत भांडत बसलो असतो का?

सातारकर
तुमच्या आजोबांबद्दल आदर आहे. पण त्यांच्या पेन्शननं बंगालचा हिशेब चुकता होत नाही.

हाजरा_रोड
एरवी या मालिकेच्या धाग्यांवर मी लिहीत नाही, पण आता राहवत नाही. माझ्या आईकडची माणसं कोलकात्यातली मराठी. आजी लग्न होऊन तिथे गेली आणि वर्षभरात दुष्काळ पडला. ती सांगायची, दुपारी भात उतरवायची वेळ झाली की दारात हाक यायची, 'फॅन दाओ गो मा'. म्हणजे भाताची पेज द्या. भात मागायची सोय नाही हे त्या लोकांनी धरूनच चाललेलं. आजी पेज वेळून मडक्यात ओतायची. एक बाई रोज यायची, काखेत पोर. एक दिवस ती पोराशिवाय आली आणि मडकं मात्र दोन्ही हातांनी धरलं. पुढची कितीतरी वर्षं आमच्या घरी भाताची पेज मोरीत ओतायला बंदी होती. चाळीस वर्षांनी, आम्ही पुण्यात राहायला आल्यावरही.

कराडकर, साठेबाज होते, खरं आहे. पण ते होते म्हणून लंडन सुटत नाही. ऑक्टोबरमध्ये वेव्हेल व्हाइसरॉय होऊन आला, कोलकात्याला जाऊन बघून आला आणि लष्कर मदतीला लावलं. म्हणजे करता येण्यासारखं होतं. मी तो भाग अर्ध्यावर बंद केला आणि परत लावणार नाही.

कराडकर
तुमच्या आजीपुढे मी काय बोलणार. पण मग वेव्हेलही इंग्रजच होता, हेही लिहा.

हाजरा_रोड
लिहिलंय की. वाचा.

रात्रपाळी
धागा गेटिसचा होता, पण हे आलंच आहे तर बोलते.

हाजरा रोड, तुम्ही अर्ध्यावर बंद केलात म्हणून शेवटचा प्रसंग सुटला. निरोप घेताना चर्चिल डॉक्टरला कडकडून मिठी मारतो आणि त्याच मिठीत टार्डिसची किल्ली लांबवतो. डॉक्टरची सोबतीण एमी, तिच्या ते लक्षात येतं, ती हात पुढे करून किल्ली परत मागते, आणि तो ओशाळून देतो. त्याआधी भागभर तो डॉक्टरच्या मागे लागलाय की ही यंत्रं मला वापरू दे. जिंकण्यासाठी हाताला लागेल ते उचलणारा माणूस गेटिसनं दाखवलाय. बंगाल त्यात नाही. असायला हवा होता का? माझ्या मते नाझी विमानं डोक्यावर असलेल्या रात्रीच्या गोष्टीत तो मावला नसता. पण नुसता 'गमत्या दोस्त' हे वर्णन मला मान्य नाही.

सातारकर
किल्लीचं ठीक. पण तीही गमतीतच घेतलीय ना? दोस्ताचा खोडकरपणा म्हणून. दुसऱ्याची वस्तू उचलणं ज्यांना खोडकरपणा वाटतं, त्यांच्या देशात ही मालिका बनते.

आणि 'एम्प्रेस ऑफ मार्स' काढा. व्हिक्टोरियाचे सैनिक मंगळावर. त्यात एका सैनिकाच्या भूमिकेसाठी कृष्णवर्णीय नट घेतला म्हणून याच गेटिसनं आधी हरकत घेतली होती, की तेव्हाच्या सैन्यात असं कुणी नव्हतं. मग शोधल्यावर जिमी डरहॅम सापडला, सुदानातून आलेला. हे त्यानं स्वतः सांगितलंय. याचा इतिहास एवढाच.

रात्रपाळी
हो, सांगितलंय. कुणी विचारायच्या आत सांगितलंय. लपवता आलं असतं. आणि त्याच भागात मंगळावर झेंडा रोवणारे साहेब लोक शेवटी कसे दिसतात? ज्याच्या ग्रहावर आलेत त्याच आइस वॉरियरचं, म्हणजे मंगळावरच्या चिलखती योद्ध्याचं, नाव रॉबिन्सन क्रूसोच्या नोकरासारखं 'फ्रायडे' ठेवून त्याच्याकडून चहा करून घेतात. हे साम्राज्याचं गुणगान असेल तर तुमची माझी मालिका वेगळी आहे.

वनलाइन
तुमचं युद्ध चालू द्या, मला मूळ मुद्द्यावर बोलायचंय. 'नटाला लेखन जास्त कळतं' हे वाचून माझं रक्त उकळलं.

मी मराठी मालिकांचे संवाद लिहिते. आमच्याकडे वनलाइन, म्हणजे भागाच्या गोष्टीचा आराखडा, एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक संपलेली, सीन सेटवर पोचतो तो सकाळी, मेकअप चालू असताना, व्हॉट्सॲपवर. एका मालिकेत आमचे नायक 'मी पण लिहितो' या गटातले. 'हे तोंडात बसत नाहीये' म्हणत त्यांनी रात्रीतून लिहिलेल्या सीनमधली दोन वाक्यं उडवली आणि स्वतःची चार घातली. उडवलेलं एक वाक्य पुढच्या आठवड्याच्या गौप्यस्फोटाचा दुवा होतं. गौप्यस्फोट झाला तेव्हा प्रेक्षकांना कळेना की स्फोट कशाचा. शिव्या मी खाल्ल्या. म्हणून विचारते: नट-लेखक दुसऱ्या नटांसाठी लिहितो, की स्वतःला छान भूमिका मिळावी म्हणून? 'शेरलॉक'मध्ये शेरलॉकचा भाऊ मायक्रॉफ्ट कुणी केला? २०१० च्या 'द फर्स्ट मेन इन द मून'मध्ये शास्त्रज्ञ केव्हर कुणी केला? पटकथा लिहिणाऱ्यानंच.

रात्रपाळी
तुमच्या नायकाला गेटिसच्या खात्यात का टाकता? 'डॉक्टर हू'चे नऊ भाग त्यानं लिहिले, त्यात स्वतःसाठी काय ठेवलं? एका स्पिटफायर वैमानिकाचा आवाज. पडद्यावर दिसायच्या ज्या भूमिका त्याला मिळाल्या, प्रोफेसर लॅझरस किंवा २०१७ चा पहिल्या महायुद्धातला कॅप्टन, ते भाग इतरांनी लिहिलेले. डायना रिग आणि तिची मुलगी रेचल स्टर्लिंग, दोघींना एकत्र आणणारा 'द क्रिमसन हॉरर' त्यानं लिहिला. त्यातली आई आपल्या आंधळ्या मुलीला जशी वागवते ते बघा. अशी भूमिका नट दुसऱ्या नटाला देतो तेव्हा तो स्वतः बाजूला झालेला असतो.

वनलाइन
डायना रिगवर मी वाद घालणार नाही. मायक्रॉफ्टवर मात्र घालेन.

हॅरोकर
मी २०२३ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरला गेटिसनं केलेला जॉन गिलगुड, तो नामवंत नट-दिग्दर्शक, पाहिला, 'द मोटिव्ह अँड द क्यू' या नाटकात. समोर रिचर्ड बर्टन हॅम्लेटच्या तालमीत धिंगाणा घालतोय आणि हा दिग्दर्शक खुर्चीत बसून नुसता ऐकतोय. माझं अर्धं लक्ष ऐकणाऱ्यावरच होतं. पुढच्या वर्षी त्याला त्याबद्दल ऑलिव्हिये हे नाट्यपारितोषिक मिळालं. मला तर वाटतं, टीव्हीला लिहिण्यात गेलेली वर्षं रंगमंचाला दिली असती तर बरं झालं असतं. नेपच्यून यांच्याशी मी निम्मा सहमत आहे, उलट्या बाजूनं.

नेपच्यून
निम्मी का होईना, सहमती घेतो.

चर्चिलच्या गदारोळात माझा प्रश्न तसाच राहिला: गेटिसची एक स्वतःची कल्पना दाखवा. 'स्लीप नो मोअर'चं नाव कुणी घेऊ नका. नेपच्यून ग्रहाच्या कक्षेतलं अंतराळस्थानक, अडतिसावं शतक, आणि राक्षस कशाचा? डोळ्यांतल्या चिपडांचा. शीर्षकगीत काढून टाकलं, सगळं चित्रण सापडलेल्या फितींसारखं. करून करून काय केलं, तर घाण वाटायला लावली.

रात्रपाळी
नाव तुम्हीच काढलंत. माणसानं झोप पाच मिनिटांत उरकायचं यंत्र बनवलं, म्हणजे जास्त तास काम करून घेता येईल. उरलेली झोप कुठे गेली, तर ती राक्षस होऊन परत आली. ही कल्पना नाही? रात्रपाळी करणाऱ्या माणसाला विचारा. हे नाव मी उगाच घेतलेलं नाही. कॉल सेंटरला होते तेव्हा पहाटे घरी येऊन, पडदे ओढून, मोबाइल उशीखाली घालून पडायचे आणि दहाला धुणं-भांडीवाल्या मावशी बेल वाजवायच्या. तो भाग मी भीतीनं बघितला, किळस आली नाही.

आणि त्या स्थानकावर आलेली माणसं भारत-जपान एक झालेल्या जगातली आहेत. त्यात नागाटा आहे, चोप्रा आहे. सातारकरांनी याची नोंद घ्यावी.

सातारकर
घेतली. चोप्रा शेवटपर्यंत टिकत नाही, याचीही घेतली.

नेपच्यून
झोपेची कल्पना चांगली होती, मान्य. भागाचं वाटोळं केलं, हेही मान्य करा. 'द अनक्वाएट डेड' तर मी कधी वाईट म्हटलाच नव्हता, यादीत सरासरी काढली होती. 'ॲन ॲडव्हेंचर इन स्पेस अँड टाइम' हा मालिकेच्या जन्मावरचा चरित्रपट त्या नऊ भागांत मोडत नाही, पण २०१३ मध्ये मालिकेच्या पन्नाशीला गेटिसनं लिहिलेलं ते सर्वोत्तम आहे, हेही लिहून टाकतो. मालिकेतून काढलेला पहिला डॉक्टर, नट विल्यम हार्टनेल, घरी शेकोटीच्या कट्ट्याला धरून 'मला जायचं नाहीये' म्हणत रडतो, तिथे ती भूमिका करणाऱ्या डेव्हिड ब्रॅडलीनं मला हलवलं होतं. तरी माझी यादी तशीच राहणार. चरित्रपट वेगळा, विज्ञानकथा वेगळी.

हाजरा_रोड
त्यातला वारिस हुसेनचा भाग मला फार आवडला होता. लखनौचा मुलगा, १९६३ मध्ये बीबीसीत मालिकेचा पहिला दिग्दर्शक. लाइम ग्रोव्हच्या त्या कोंदट स्टुडिओत तो आणि निर्माती व्हेरिटी लँबर्ट, एक तपकिरी, एक बाई, आणि आजूबाजूचे सगळे यांना किती दिवसांत घालवायचं याच विचारात. हे ज्यानं लिहिलं त्याला चर्चिल असा कसा लिहावासा वाटला, हे मला खरंच कळत नाही. रात्रपाळी, किल्लीचा प्रसंग मी आता पाहिला. चांगला आहे. माझं मत तेच आहे.

रात्रपाळी
पाहिलात, एवढं पुरे.

नेपच्यून, 'कोल्ड वॉर' तुम्ही यादीत गुंडाळलात आणि इथेही टाळताय. १९८३, रशियाची पाणबुडी, वर अणुबॉम्ब टाकायची तयारी, आणि आइस वॉरियर चिलखतातून बाहेर पडून अंधारात फिरतोय. चिलखत सोडणं ही त्यांच्यात सगळ्यात मोठी नामुष्की. एकटा पडलाय म्हणून तो ती पत्करतो. जुन्या मालिकेतले आइस वॉरियर चिलखताबाहेर कधी आलेच नव्हते, ही गेटिसची भर. आणि पाण्याखाली मरणाच्या दारात उभा असलेला डेव्हिड वॉर्नरचा म्हातारा प्राध्यापक, कानाला वॉकमन लावून, डॉक्टरची सोबतीण क्लारा, तिला गाणं म्हण म्हणतो. कल्पना आणि नट एकाच भागात मागत होतात ना? आता याला किती गुण देता ते सांगा.

नेपच्यून
दहापैकी सात. वॉर्नरचे चार.