भक्ती बर्वे - फुलराणी सोडून काय काय बघावं?

मुग्धा_डोंबिवली :
परवा 'जाने भी दो यारों' परत बघितला. त्यातली 'खबरदार'ची संपादिका शोभा म्हणजे भक्ती बर्वे हे माहीत होतं, पण आई म्हणे ती बाई खरी नाटकातली. मी 'ती फुलराणी'चे तुकडेच पाहिलेत, मास्तरला धडा शिकवायचं ते स्वगत वगैरे. अजून कुठली कामं गाजली त्यांची? आणि सिनेमे इतके कमी का?

गिरगावकर :
फुलराणीला वळसा घालून पुढे जाताच येत नाही हो. १९७५ सालचं नाटक, शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून पुलंनी केलेलं, समोर सतीश दुभाषींसारखा तगडा नट, आणि तरी घरी जाताना लोकांच्या तोंडी मंजुळाच, म्हणजे भक्तीबाईंची फुलवाली! स्वगत सगळ्यांना पाठ असतं पण मला विचाराल तर खरी कमाल आहे ती मंजुळाची भाषा बदलत जाते त्यात, म्हणजे उच्चार शुद्ध होतात पण आतली फुलवाली कुठेच जात नाही, रागावली की आवाजात तोच ठसका. बाईंचा आवाजच तसा होता, आकाशवाणी आणि मुंबई दूरदर्शनच्या बातम्यांत तयार झालेला, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचायचा. नंतर अमृता सुभाषनेही मंजुळा केली, चांगली केली, पण तुलना व्हायचीच.

स्नेहल७१ :
'आई रिटायर होतेय' कसं विसरलात?? अशोक पाटोळेंचं नाटक. आयुष्यभर घरासाठी खपलेली आई एक दिवस सांगते की मी आता रिटायर होतेय, आणि मग घरातल्यांची जी तारांबळ उडते ती! आमच्या आईने ते बघून आल्यावर आठवडाभर बाबांना स्वतःचा चहा स्वतः करायला लावला होता. शिवाय 'हॅण्ड्स अप', आणि 'गांधी विरुद्ध गांधी'मधली कस्तुरबा, अतुल कुलकर्णी गांधी होता त्यात. कुठे मंजुळा आणि कुठे कस्तुरबा, पण दोन्ही पटतात.

विंगेतून :
सुरुवात सुधा करमरकरांच्या बालनाट्यांतून झाली होती हेही लिहायला हवं, तो पाया फार पक्का. सिनेमे कमी का, तर माझं मत असं की नाटकाचे प्रयोग आणि दौरे सांभाळणाऱ्या माणसाला शूटिंगच्या तारखा जमवणं अवघडच असतं, आणि त्या काळी हिंदीवाल्यांकडे अशा बाईसाठी लिहिलेले रोल तरी किती होते? शोभा बघा ना, भ्रष्टाचार उघड करते म्हणता म्हणता बिल्डरलाच ब्लॅकमेल करायला निघते, पण चेहऱ्यावर कसली घाई नाही, गोड बोलत बोलत समोरच्याला गुंडाळते. १९९० मध्ये संगीत नाटक अकादमी मिळाली. आणि १२ फेब्रुवारी २००१ ला मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर अपघातात गेल्या, बावन्न वर्षांच्या होत्या फक्त. शफी इनामदार, त्यांचे पती, आधीच १९९६ ला गेलेले. फार चटका लागला होता.

मुग्धा_डोंबिवली :
थँक्यू सगळ्यांना! 'आई रिटायर होतेय'चं पूर्ण रेकॉर्डिंग कोणाकडे असेल तर प्लीज सांगा, आईला दाखवायचंय.