सीएनजीच्या टाकीत पीव्ही = एनआरटीपेक्षा जास्त गॅस कसा मावतो?

प्रभादेवी_एफवायबीएस्सी:
बाबांची टॅक्सी सीएनजीवर चालते. डिकीतल्या टाकीवर ६० लिटरचा शिक्का आहे. बाईंनी आदर्श वायूचं एखादं रोजच्या वापरातलं गणित सोडवून आणायला सांगितलंय, म्हणून मी हीच टाकी घेतली. सूत्र पीव्ही = एनआरटी, म्हणजे दाब गुणिले आकारमान = मोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक) गुणिले स्थिरांक आर गुणिले तापमान. दाब २०० बार, आकारमान ०.०६ घनमीटर, तापमान ३० अंश म्हणजे ३०३ केल्विन. उत्तर ४७६ मोल आलं, मिथेनचे १६ ग्रॅम धरून ७.६ किलो. पण टाकी पार रिकामी झाल्यावर बाबा गॅस भरतात तेव्हा पावतीवर ९ किलोच्या आसपास आकडा असतो. वरचा दीड किलो येतो कुठून? बाबा म्हणतात मीटर बरोबर आहे, रोजचा अ‍ॅव्हरेज त्याच वजनावर जुळतो.

दादर_टीटी:
काटा वातावरणाच्या दाबाच्या वरचा दाब दाखवतो. त्यात १ बार मिळव.

प्रभादेवी_एफवायबीएस्सी:
मिळवला. जेमतेम ४० ग्रॅम वाढले.

चेंबूरचे_काका:
बाळा, तुझं गणितही बरोबर आणि मीटरही बरोबर. २०० बारला मिथेन आदर्श वायूसारखा वागत नाही, एवढंच. साध्या हवेच्या दाबाला एक मोल वायू सुमारे २५ लिटर जागा घेतो. तुझ्या टाकीत त्याला लिटरचा दहावा भागच मिळतो. इतक्या दाटीत रेणू एकमेकांना ओढतात, भिंतीवरचा मारा कमी होतो आणि काटा २००वर पोचेपर्यंत जास्त गॅस आत गेलेला असतो. रेणूंची स्वतःची जागा उलट दाब वाढवते, पण इथे ओढच वरचढ ठरते.

व्हॅन डर वाल्सने १८७३ साली या दोन्ही गोष्टी समीकरणात आणल्या. एका लिटरमागे एन मोल असतील तर दाब = एनआरटी / (१ − बीएन) − एएन². यात ए ओढीसाठी, बी रेणूंच्या जागेसाठी. मिथेनसाठी ए २.२८ आणि बी ०.०४२८ घे (बार, लिटर, मोल), आर ०.०८३१४. एन अंदाजाने घालून बघ. ९.६ घातलेस तर पहिलं पद ४१० बारच्या आसपास येईल, त्यातून ओढीचे २१० वजा कर. पुढचं तुझं तू कर, मजा येईल.

एक लक्षात ठेव. भरताना टाकी तापते, त्यामुळे काटा २०० दाखवत असला तरी गार झाल्यावर खाली येतो. वजनात थोडा फरक त्यानेही पडतो.

प्रभादेवी_एफवायबीएस्सी:
काका, दाब बरोबर २०० आला! ९.६ गुणिले ६० म्हणजे ५७६ मोल, ९.२ किलो. पावतीशी जुळलं! मग टॅक्सीच्या टायरसाठीही हेच समीकरण वापरायचं का?

चेंबूरचे_काका:
नको. टायरमध्ये दोन-तीन बार असतात, तिथे फरक एक टक्कासुद्धा पडत नाही. साधं पीव्ही = एनआरटी लाव. मात्र तिथे दादरकरांनी सांगितलेला तो १ बार विसरू नकोस. टाकीत त्याने ४० ग्रॅमच वाढले, टायरमध्ये उत्तर पार बदलेल.