बर्फावरचे मीठ आणि मातीतील जड धातू : आपल्याकडे संबंध जोडता येईल का?

काळीभोर (कोल्हापूर) : थंड देशांत रस्त्यांवरचा बर्फ वितळवण्यासाठी टाकल्या जाणाऱ्या मिठाचा मातीतील जड धातूंवर होणारा परिणाम, हा विषय मला एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी मिळाला आहे. त्या मिठात जड धातू नगण्य असतात, तरीही रस्त्याकडेच्या मातीतून कॅडमियम, जस्त, शिसे आणि तांबे खाली झिरपतात, ते कसे? आणि कोल्हापुरात बर्फच पडत नसताना स्थानिक संदर्भ दिला, तर तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल का?

पंचगंगाकाठ : धातू आधीपासूनच तिथे असतात, मीठ त्यांची पकड सोडवते. टायरमधील झिंक ऑक्साइड, जस्ताचा मुलामा दिलेले कठडे, ब्रेकच्या झिजेतून येणारे तांबे आणि जुन्या पेट्रोलमधले शिसे (आपल्याकडे ते २००० साली बंद झाले, तरी मातीतले शिसे नाहीसे होत नाही) वर्षानुवर्षे कडेला साचतात.

मात्र प्रत्येक धातूची तऱ्हा वेगळी असते. कॅडमियम क्लोराइडशी जोडले जाते. त्या संयुगाचा धनभार कमी किंवा शून्य झाल्यामुळे ऋणभारित चिकणमाती त्याला पूर्वीसारखे धरून ठेवत नाही. जस्ताला प्रामुख्याने धन आयनांची अदलाबदल हलवते (मिठातील धनभारित आयन मातीवरच्या जस्ताची जागा घेतात), आणि त्यात सोडियमपेक्षा कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड अधिक प्रभावी ठरते. शिसे व तांबे सेंद्रिय पदार्थांना आणि सूक्ष्म कणांना चिकटलेले असल्याने ते कणांसकटच वाहून जातात.

माती_परीक्षक : शेवटच्या मुद्द्याला एक जोड देतो. मीठ भरपूर असेपर्यंत कण एकमेकांना धरून राहतात. खरी गडबड होते ती बर्फ वितळून किंवा पाऊस पडून गोडे पाणी मातीत शिरते आणि कण सुटे होतात तेव्हा. शिरोळ तालुक्यातील चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीचे ढेकूळ एका बाटलीत डिस्टिल्ड पाण्यात आणि दुसऱ्या बाटलीत मिठाच्या पाण्यात हलवून ठेवा. दुसऱ्या बाटलीत गाळ खाली बसून वरचे पाणी नितळ होईल, पहिलीतले मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळच राहील.

संबंध तिथेच आहे, परंतु जपून जोडा. शिरोळची जमीन क्षारपड झाली ती उसाला दिलेल्या भरमसाट पाण्याने आणि निचऱ्याच्या अभावाने. शिवाय आपल्या चुनखडीयुक्त, विम्लधर्मी (अल्कलाइन) मातीत जस्त आणि शिसे घट्ट बसतात, त्यामुळे परदेशी निष्कर्ष जसेच्या तसे लागू होणार नाहीत. कॅडमियमचे तसे नाही. ते स्फुरदयुक्त खतांतून अल्प प्रमाणात येतच असते, आणि पाण्यात क्लोराइड जास्त असल्यास पिकात अधिक उतरते, हे ऑस्ट्रेलियात बटाट्याच्या पिकात दिसून आले आहे. माझ्या मते सेमिनारचा स्थानिक भाग रस्त्याऐवजी शेतातील कॅडमियमवरच बेतावा.

काळीभोर : दोघांचेही आभार. मातीचा एकच नमुना आधी खाऱ्या आणि मग डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, दोन्ही वेळचे गाळलेले पाणी तपासले तर चालेल का?

माती_परीक्षक : चालेल. मात्र ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतूनही अतिसूक्ष्म कण निसटतात, त्यामुळे दुसऱ्या धुण्यात शिसे वाढलेले दिसले, तर ते सगळे ‘विरघळलेले शिसे’ म्हणून नोंदवू नका. आणि धुण्याआधी जिप्सम (त्यातील कॅल्शियम कणांना सुटे होऊ देत नाही) मिसळलेला एक नमुना तुलनेसाठी अवश्य ठेवा.