मदत हवी आहे : किटच्या बेस गिटारमध्ये नेक आणि ब्रिज एका रेषेत येत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात राहतो आणि सध्या चार तारांच्या बेस गिटारचे किट घरीच जोडत आहे. किट फेंडर कंपनीच्या जॅझ बेस या मॉडेलच्या धर्तीचे आहे. नेक (तारा दाबायची लांब मान) आणि बॉडी (धड) वेगवेगळी येतात व चार स्क्रूंनी जोडायची असतात. नट (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) ते ब्रिज (बॉडीवरचा, तारा अडकवायचा पत्रा) हे अंतर 34 इंच, म्हणजे सुमारे 864 मिमी आहे. फेंडर कंपनीच्या 1951 सालच्या प्रिसिजन बेसपासून हेच माप रूढ झाले आहे. बॉडी बासवुडची, नेक मेपलचा. पॉलिश अद्याप केलेले नाही, कारण आधी सर्व भाग तात्पुरते जोडून पाहावेत आणि मगच लाकडाला हात लावावा, असे मला वाटले.

लांबीच्या बाबतीत तक्रार नाही. नट ते बारावा फ्रेट (नेकवरची आडवी धातूची पट्टी) हे अंतर 432 मिमी भरते, त्याच्या दुपटीवर सॅडल (ब्रिजवरचे, तार टेकते ते सरकते तुकडे) बरोबर येतात आणि जाड तारेचे सॅडल मागे घेण्यास पुरेसा वावही राहतो. अडचण आडव्या दिशेची आहे. शेजारच्या यंत्रमागावरून पिळाचा सुती दोरा आणून मी तो पहिल्या आणि चौथ्या तारेच्या जागी, नटच्या खाचेपासून सॅडलपर्यंत ताणून बांधला. शेवटच्या फ्रेटवर चौथ्या, म्हणजे जाड तारेचा दोरा नेकच्या कडेपासून साडेचार मिमी आत राहतो, तर पहिल्या तारेचा दोरा जेमतेम दीड मिमी. तेथे बोटाने किंचित बाजूला दाबले की दोरा फ्रेटच्या उतरत्या टोकावरून सरळ खाली घसरतो. वाजवताना तारेचेही हेच होणार, हे उघड आहे. नेकची मध्यरेषा पेन्सिलीने ब्रिजपर्यंत वाढवली असता ती ब्रिजच्या मध्यापासून सुमारे 2 मिमी बाजूला पडते.

विक्रेत्याकडे विचारणा केली तेव्हा ‘किटमध्ये इतका फरक चालतोच’ असे उत्तर मिळाले. माझ्या मते चालत नाही, परंतु तो वाद येथे नको.

ब्रिजची पाचही छिद्रे बॉडीत आधीच पाडलेली आहेत. ती बुजवून ब्रिज 2 मिमी सरकवावा, तर नवे छिद्र जुन्या छिद्रावर काही अंशी चढते. गिरमिट मऊ बाजूला ओढले जाईल आणि स्क्रूची पकड सैल राहील, अशी भीती वाटते. चारही तारांचा मिळून ताण 75 किलोच्या आसपास असतो आणि बासवुड तर नखाने ओरखडा उठेल इतके मऊ आहे. नेक बसतो त्या बॉडीतील खाचेत एका बाजूला साधारण अर्धा मिमी फट दिसते, पण अर्ध्या मिलिमीटरने 2 मिलिमीटरचा दोष कसा निघणार, हे मला उमगत नाही. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडे जाण्याचाही विचार केला होता. त्यांच्या तंबोऱ्यांना भोपळे आपल्याच पंढरपूर भागातून जातात, त्यामुळे ओळख काढणे अवघड नाही. मात्र त्यांचे काम निराळ्या जातीचे आहे.

पावसाळ्यापूर्वी लॅकर मारून व्हावे अशी इच्छा आहे, कारण दमट हवेत ते पांढरट पडते. तेव्हा आधी नेक हलवावा की ब्रिज, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

आपण मोजमाप नीट केले आहे, म्हणून नेमके सांगता येते. आधी नेक हलवा. खाचेची लांबी सुमारे 90 मिमी धरली, तर तेवढ्या अंतरात अर्धा मिमी तिरपा झालेला नेक 300 मिमी दूर असलेल्या ब्रिजपाशी आपली मध्यरेषा दीड मिमीहून अधिक सरकवतो. तुमचा बहुतेक दोष त्या फटीतच आहे. शिवाय यात तारा पिकअपच्या (तारांचे कंपन टिपणाऱ्या भागाच्या) चुंबकांवरून आहेत तशाच जातात. ब्रिज सरकवला तर त्याही सरकतील.

त्याआधी एक तपासणी करा. नेकचे स्क्रू बॉडीच्या छिद्रांतून हाताने ढकलून सहज आरपार गेले पाहिजेत. किटमध्ये ही छिद्रे पुष्कळदा घट्ट असतात, त्यामुळे स्क्रू बॉडीतच आटे धरतो आणि नेक जागचा हलत नाही. बॉडीतील छिद्रे किंचित मोठी करा, नेकमधील मात्र करू नका. मग कडेच्या दोन तारा लावून हलका ताण द्या, स्क्रू पाव फेरा सैल करा, नेक हाताने हव्या त्या बाजूला रेटून धरा आणि तसाच आवळा. उरलेल्या फटीत लाकडाची पातळ पट्टी बसवा, कागद नको.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. स्क्रू खरोखरच बॉडीत अडकत होते. छिद्रे मोकळी करून आपण सांगितल्याप्रमाणे नेक रेटल्यावर पहिली तार कडेपासून अडीच मिमीहून जरा आत आली आहे. जो थोडा फरक उरला आहे, तो ब्रिजच्या पत्र्यातील छिद्रे गोल कानशीने बाजूला वाढवून काढता येईल, असे दिसते. मात्र पुन्हापुन्हा खोलल्यामुळे ब्रिजचे एक छिद्र ढिले झाले आहे. ते बुजवण्यास सागवानाची खुंटी चालेल का?

प्रतिसाद :

सागवान तेलकट असते, त्यावर गोंद मनासारखा धरत नाही. बाभूळ घ्या, आपल्याकडे औजारांच्या दांड्यांसाठी वापरतात तीच, पूर्ण वाळलेली. खुंटी अशी कापा की तिच्या रेषा बॉडीच्या रेषांना समांतर राहतील, म्हणजे स्क्रू रेषांना आडवा जाऊन पकड घेईल. गोंद रात्रभर वाळू द्या आणि स्क्रूच्या गाभ्याएवढेच छिद्र पाडा. कानस चालवाल तेव्हा ब्रिज बॉडीवरून काढून घ्या. बासवुडमध्ये रुतलेला लोखंडाचा कीस पारदर्शक लॅकरखाली काळा दिसतो.