प्रतिसाद: थेट पहिला गिअर टाकू नका

वर कुणीतरी लिहिलंय की ब्रेक गेले की सरळ पहिला गिअर टाकायचा. इंजिनाने गाडी आवरायची हे बरोबर, पण जुन्या फियाट-पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर बदलताना दात्यांचा वेग जुळवून देणारी रचना) नाही. वेगात तो पडतच नाही, नुसता खर्रर्र आवाज येतो आणि गाडी तोवर न्यूट्रलमध्ये मोकळी सुटते. तिसऱ्यावरून दुसरा टाका, तिथेच राहा.

आमची १९७८ ची पद्मिनी सासवडहून येताना दिवे घाटात अशीच दगा देऊन गेली. ब्रेकचं पेडल थेट फरशीला. भराभर पंप केलं तर दोनदा जेमतेम धरलं, मग तेही गेलं. दुसऱ्या गिअरवर, हँडब्रेक थोडा ओढ-थोडा सोड करत उतरलो (एकदम खेचला तर मागची चाकं घसरतात). घाटाखालच्या वडकी गावाच्या अलीकडे कडेच्या मुरमात चाकं घातली तेव्हा कुठे थांबली. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या अंगाला ब्रेक ऑइलचा ओघळ होता. व्हील सिलिंडरचं (चाकातला ब्रेक ऑइलच्या दाबाने ब्रेक दाबणारा भाग) रबर गेलेलं. या गाड्यांना चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलचं एकच सर्किट, त्यामुळे एक चाक गळलं की चारही गेली. हँडब्रेक तेवढा केबलवर, म्हणून वाचलो.