आजीचं गोंदण माझ्या हातावर घ्यायचंय. जसंच्या तसं घेऊ की नीटस करून?

वडगावची शिवणवाली

मी बेळगावात वडगावला ब्लाऊज शिवते. माहेर निपाणीजवळचं. आजी मार्गशीर्षात गेली. तिच्या डाव्या हातावर, मनगटापासून चार बोटं वर, तुळशीवृंदावन होतं. बाजूला पाच टिंबं आणि खाली कन्नड अक्षरांत आजोबांचं नाव, यल्लप्पा. सौंदत्तीच्या जत्रेत गोंदलेलं. आजी शाळेत गेली नव्हती, तिला मराठीही वाचता येत नव्हतं आणि कन्नडही. गोंदणारा कन्नड, त्यानं त्याच्या अक्षरांत लिहिलं.

आजी तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. संध्याकाळी आली की न्हाणीतल्या दगडाशी बसून हात घासायची. पिवळा थर उतरत जायचा आणि खालून हिरवं वृंदावन वर यायचं. मी शेजारी उकिडवी बसून ते वर येताना बघायची. आता आजी घरात आली, असं मला तेव्हा वाटायचं, दारातून आल्यावर नाही.

आजोबांचं नाव तिनं जन्मात तोंडानं घेतलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं की मला कोपरानं ढोसायची, "सांग की." हातावर काय लिहिलंय विचारलं तर "नाव हाय" एवढंच म्हणायची आणि पदर ओढून घ्यायची.

शेवटी दवाखान्यात तिच्या उजव्या हाताला सलाईन होतं, तेव्हा डाव्या हाताचा फोटो काढून ठेवला. तो घेऊन शहरात एका टॅटूवाल्याकडे गेले. त्यानं कॉम्प्युटरवर सगळं रेखीव करून दाखवलं. वृंदावनाच्या पायऱ्या सरळ, टिंबं सारखी, अक्षरं छापल्यासारखी. काम चांगलं होतं, पण त्यात आजी दिसेना. तिचं वृंदावन एका अंगाला कललेलं होतं आणि एक टिंब बाकीच्यांपेक्षा मोठं.

आईचं म्हणणं वेगळंच. "काय कराय लागलीस गं? आज्याचं नाव हातावर घेऊन हिंडणार? लोकांस्नी वाटंल नवऱ्याचंच हाय."

घरातल्या माणसाचं गोंदण कुणी स्वतःवर घेतलंय का? तसंच घेतलंत की नीट करून? भाचाही मागे लागलाय, त्याला तेच वृंदावन दंडावर हवंय. तो भरतीची तयारी करतोय. फोटो खाली टाकला आहे.

सुई-शाई

ताई, मी टिळकवाडीत टॅटू काढतो. तुमच्याकडे आलेला तो मी नव्हे, पण त्याच्या बाजूनंही थोडं सांगतो.

जुन्या गोंदणात काजळी असायची, दोनतीन सुया एकत्र बांधून टोचायचे. आमच्याकडे मशिन आहे, पण शाई बसते तिथंच, कातडीच्या वरच्या थराखाली. वरचा थर सारखा झडून नवा येत असतो, खालचा टिकतो. तिथल्या पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात. त्या मेल्या की नव्या पेशी तेच कण पुन्हा उचलतात, म्हणून गोंदण जन्मभर राहतं. काळं असूनही कातडीआडून ते निळं-हिरवं दिसतं आणि वर्षं गेली की रेघ हळूहळू फुगते.

आजींच्या हातावर दिसतंय ते साठेक वर्षं पसरलेलं. ते तसंच काढलं तर तुमच्या हातावर आणखी पसरेल. म्हणून आकार थोडा मोठा घ्या आणि अक्षरांच्या पोटातली जागा मोकळी राहू द्या. पसरट कडा हलक्या शेडिंगनं आणता येतात, त्याला वेळ देणारा माणूस शोधा. वाकडेपणा मात्र सरळ करू नका. तो आजींचा आहे, त्याला हात लावायचा आम्हाला अधिकार नाही.

सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढायला सांगा. त्यात संकोच करायचा नाही, सुईतून कावीळ बी-सी, एचआयव्हीसुद्धा पसरतो. आणि रक्तदान करत असाल तर पुढं वर्षभर थांबावं लागेल.

खानापूरचा माजी जवान

भाच्यासाठी लिहितो. दंडावर अजिबात नको. सैन्यभरतीत कायमचा टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला, नाहीतर पंजाच्या मागच्या बाजूला. सवलत आहे ती आदिवासी समाजातल्या मुलांना, त्यांच्या परंपरेप्रमाणे. पोरं पळण्यात पास होतात आणि मेडिकलला दंडावरच्या टॅटूपायी घरी येतात, डोळ्यांनी बघितलंय. आधी भरती होऊ दे. आजीचं गोंदण कुठं पळून जात नाही.

नंदगडची नात

माझ्या आजीला तुमचं सगळं वाचून दाखवलं. ती सांगते तसं लिहिते.

"पोरी, मला नवव्या वर्षी गोंदलं. आईनं माझं पाय धरलं, मावशीनं डोस्कं. गोंदणारी गाणं म्हणत टोचत हुती, मी रडलो की गाणं मोठं करायची. वरनं हळद लावली, दोन दिस हात सुजला. तवा सांगायचे, मेल्यावर डाग-दागिनं हितंच काढून घेत्यात, गोंदण तेवढं संगं येतंय. माझा त्याच्यावर इस्वास हाय. तुझ्या आजीचं तिच्यासंगं गेलं. ते परत मागून घेऊ नगंस. तुला पायजे तर तुझं नवं घे."

आम्ही घरात यावरून वाद घातला, पण ती हटत नाही.

गोकाकचे मास्तर

मी कन्नड शिकवतो, घरी मराठी. फोटो मोठा करून तीनचारदा पाहिला. पहिली अक्षरं 'यल्ल' आहेत, त्यात शंका नाही. पण शेवट 'प्पा' आहे हे कुणी ठरवलं?

कन्नडमध्ये प आणि व यांचं अंग जवळजवळ एकच. फरक डोक्याशी, इवल्याशा जागेत. नेमकी तिथंच इथं शाई पसरली आहे. मला ते 'व्व'सुद्धा दिसतं. म्हणजे यल्लव्वा. आपल्या भागात सौंदत्तीच्या देवीला यल्लम्मा म्हणतात तसं यल्लव्वाही म्हणतात, आणि हे नाव बायकांचंही असतं. छातीठोकपणे मी कुठलंच सांगू शकत नाही. आजींनी हे लग्नाआधी गोंदलं की नंतर, ते माहीत आहे का?

वडगावची शिवणवाली

मास्तर, तुमचं वाचलं आणि मशिन बंद करून बसले. आमच्या घरात हे कुणीच कधी विचारलं नाही. ते आजोबांचंच, असं सगळे धरून चाललो.

आजीची धाकटी बहीण चिकोडीला असते. रविवारी गेले, फोटो दाखवला. तिनं फोनच्या काचेवरून बोट फिरवलं आणि स्वतःची बाही वर केली. तिच्या हातावर पाच टिंबं आहेत, नाव नाही. दोघींनी एकाच दिवशी गोंदलं. "मी लहान हुतो, नाव सोसलं नसतं," म्हणाली. लग्नाआधी का नंतर ते तिला आठवत नाही. पण त्या साली त्यांची थोरली बहीण बाळंतपणात गेली होती, एवढं पक्कं आठवतं. तिचं नाव यल्लव्वा. मला आजीची थोरली बहीण होती हेच माहीत नव्हतं.

"मग हे तिचं नाव का, देवीचं, का आजोबांचं?" विचारलं. म्हणाली, "तिला कुणी इचारलं न्हाई, तिनं सांगितलं न्हाई."

सुई-शाई दादा, तुम्ही म्हणता तसा आकार वाढवला. ब्लाऊजचं डिझाइन उतरवते तसा फोटोच्या प्रिंटवर बटर पेपर ठेवून खाका मीच काढला. शेवटच्या अक्षराच्या डोक्याशी हात थांबला. तिथं रेघ ओढली की यल्लप्पा किंवा यल्लव्वा यातलं एक मी ठरवणार. ती जागा पसरलेलीच ठेवली आहे, तिथं फक्त शेडिंग करा म्हणून सांगणार.

नंदगडच्या आजींना सांगा, तुमचं पटलं. वृंदावन आणि टिंबं तिची तिच्यासोबत गेली, ती मागत नाही. नाव तेवढं घेते.

भाच्याला थांबवलंय. शुक्रवारी जाणार आहे. आईला चिकोडीचं सगळं सांगितलं, ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, किती वाजता जायचंय, मी येते.